मान डोलावली म्हणजे ऐकलं असं नाही

७४ वर्षांचे वडील डिस्चार्जनंतर गोळ्यांचा घोळ करून पुन्हा दाखल झाले, याचा कमी ऐकू येण्याशी संबंध असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतो. अमेरिकेत २०१८ साली विम्याच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासात, ऐकू कमी येत असूनही उपचार न घेतलेल्या ज्येष्ठांना ३० दिवसांत पुन्हा दाखल व्हावं लागण्याची जोखीम ४४ टक्क्यांनी जास्त दिसली. यावरून बहिरेपणच कारण ठरत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही.

वयोमानाने वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर ऐकू येतात. स, त, ठ, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. म्हणून 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' ही तक्रार. 'सात', 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात, आणि डोस नेमका आकड्यांतच सांगितला जातो! ओरडून फायदा नाही. ओरडताना स्वरच मोठे होतात, शिवाय अशा कानांना मोठा आवाज पटकन बोचतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'यांना कमी ऐकू येतं.' मीटरभर अंतर, समोर चेहरा, चेहऱ्यावर उजेड, पंखा-टीव्ही बंद. मास्क असेल तर सूचना लिहून घ्या. 'कळलं का?' विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. 'कोणती गोळी कधी घ्यायची, सांगा बघू' असं विचारा. हा एक प्रश्न चुकवू नका, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

तपासणीत आधी कानातला मळ बघून घ्या, कधी तेवढंच निघतं. काडी घालू नका, मळ आत ढकलला जातो. मग ऑडिओमेट्री (कोणता आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो, याचा आलेख काढणारी चाचणी), आणि सोबत शब्द ओळखण्याची चाचणी मागा; नुसत्या आलेखावरून बोलणं किती कळतं ते समजत नाही.

कानाचं मशीन असेल तर दवाखान्यात नाव लिहिलेली डबी आणि जादा बॅटऱ्या न्या. झिंक-एअर बॅटरी (हवा लागल्यावर चालू होणारी) असेल तर तिचं स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच बसवा. एमआरआयच्या खोलीत मशीन नेऊ नका. भूल द्यायच्या वेळी अगदी शेवटी काढावं आणि शुद्धीवर येताच लावावं, असं आधीच सांगून ठेवा. गोंधळलेला वाटणारा रुग्ण कधी कधी फक्त ऐकू न आलेला असतो.

एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक गेलं तर वय म्हणून सोडू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. त्यावर देतात त्या स्टिरॉइड औषधाचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.