पंधराव्या रात्रीचं माप

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कृष्ण ऊर्जेवर, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या त्या अज्ञात ऊर्जेवर, काम करायचं म्हणून गेलीस आणि मार्गदर्शकांनी जवळच्या सुपरनोव्हांचे (ताऱ्यांच्या स्फोटांचे) प्रकाश-आलेख, म्हणजे दिवसागणिक तेज कसं बदललं त्याचे आलेख, काढायला बसवलं, म्हणून तुझा हिरमोड झालाय. पत्रातून कळलं. पण ज्या कामावर तू रुसलीस, त्याच्यावरच ती कृष्ण ऊर्जा उभी आहे.

तू बघतेस त्या प्रकारचा, म्हणजे टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेत बटूचा, इंधन संपलेल्या ताऱ्याच्या लहानशा घट्ट गाभ्याचा, स्फोट. 'सगळे सारख्याच तेजाचे, म्हणून मंद दिसेल तो लांबचा', असं पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. ती ओळ खोडून टाक. १९९१बीजी हा सुपरनोव्हा निळ्या प्रकाशात नेहमीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका तेजस्वी होता. तेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. म्हणजे त्याला 'नेहमीचा' धरलं असतं, तर तो खऱ्या अंतराच्या तिपटीहून लांब जाऊन बसला असता!

यातून वाट काढली खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी, १९९३ मध्ये. कमाल तेजाच्या रात्रीपासून पंधरा दिवस मोजायचे आणि तेवढ्यात निळ्या प्रकाशातली प्रत (ताऱ्याचं तेज मोजायचं माप) किती उतरली ते बघायचं. सावकाश मावळतो तो मुळातच अधिक तेजस्वी, झपाट्याने विझतो तो मंद. स्फोटात निकेल-५६, म्हणजे ज्याच्या किरणोत्सर्गावर हे तेज चालतं ते निकेल, जास्त तयार झालं, तर तेज वाढतं आणि तापलेल्या मलब्यातून प्रकाशाला बाहेर पडायला वेळही जास्त लागतो. ताऱ्याचं खरं तेज त्याच्या विझण्यावरून कळावं, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच सुमारास चिलीत मारिओ हामुय आणि सहकारी जवळचे सुपरनोव्हा शोधत होते. सेरो तोलोलोच्या डोंगरावर घेतलेल्या फोटोप्लेट्स बसने सान्तियागोला जायच्या. तिथे जुनी आणि नवी प्लेट आळीपाळीने बघत एखादा नवा ठिपका हुडकायचा. पुढे खगोलशास्त्रज्ञ सॉल पर्लमटर यांच्या गटाने ४२ दूरचे सुपरनोव्हा तपासले, तेव्हा तुलनेला १८ जवळचे याच नोंदींतून घेतले. विश्वाचं प्रसरण वेगावतंय हा निष्कर्ष दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा थोडे मंद, म्हणजे थोडे जास्त लांब, दिसले यावर टेकलेला आहे. जवळच्यांचं माप सैल असतं, तर तो 'थोडे' कुठल्या कुठे वाहून गेला असता. २०११ चं नोबेल दूरच्यांसाठी मिळालं, पण मला त्या प्लेट्स आठवतात.

दोन गोष्टी सांभाळ. एकाच फिल्टरवर कधी विसंबू नकोस: वाटेतली धूळ ताऱ्याला मंद करते तशी लालही करते, आणि ती लाली दुसऱ्या फिल्टरशिवाय पकडता येत नाही. आणि ढगाळ रात्रीचा बिंदू अंदाजाने भरू नकोस. जागा रिकामी राहू दे.

आता एक कर. एम१०१ दीर्घिकेतला २०११एफई घे, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या निळ्या फिल्टरच्या नोंदी मिळव आणि आलेख कागदावर, हाताने काढ. पंधरा दिवसांची उतरण १.१ प्रतीच्या आसपास यायला हवी. फारच वेगळी आली, तर कमाल तेजाची रात्र कुठली धरलीस ते आधी तपास, आणि कागद मला पाठव.

तुझे,
सर