उणं आधी लिही

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू रडवेली झालीस. "काका, तो नागपूरचा माणूस मला फसवी म्हणतो, ब्लॉक करू का?" तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणालो. मग तुझी ती नाणं विकायची जाहिरात उघडून पाहिली आणि झोप गेली, म्हणून हे पत्र.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा रुपया. एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला तलवार, 'एक रुपया' आणि खाली १९४९. त्यावर तू काय लिहिलंस? "अस्सल, अतिदुर्मिळ." अगं, महाराज १९३९ साली गेले, १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि नाणं १९४९ चं? मी तिऱ्हाईत असतो तर मलाही संशय आला असता. ते १९४९ विक्रम संवत आहे, म्हणजे इसवी सन १८९२-९३. आपल्याकडे बडोद्यात दिवाळीला संवत बदलतो, म्हणून तुला ते सांगावंसं वाटलं नाही. नागपूरकडे घरोघर शके चालतो. त्याला कोण सांगणार? तूच. आणि त्यानं विचारायच्या आधी.

उणं आधी लिही. शंका येण्याजोगं, दोष वाटण्याजोगं जे काही असेल ते पहिल्या ओळीत. हे मी तुला तीनदा सांगितलंय आणि तीनदा तू "हो काका" म्हणून विसरलीस.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांना मी एक रुपया पाठवला. कुणीतरी तो गळ्यात घालायला वर कडी डागली होती, नंतर ती काढून जागा घासली होती. फोटोत ते दिसत होतं, मी काही लपवलं नव्हतं. फक्त लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तर मी दोन महिने वाद घातला: फोटो नीट बघायचा होता, विकलेला माल परत नाही. शेवटी त्यांनी एकच ओळ पाठवली: "राहू द्या, नातवाला देईन." पुन्हा कधी त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. पैसे परत करायला मी नंतर पत्र टाकलं, ते परत आलं. माझी बाजू अगदीच चुकीची होती असं मला आजही वाटत नाही, फोटो तर स्वच्छ होता. पण 'कडीचा डाग आहे' एवढे तीन शब्द लिहायला मला काय जड जात होतं?

म्हणून ब्लॉक करू नकोस. आज त्याला संवताचा हिशोब दोन ओळींत कळव, तरी नको असेल तर परत घे. राग नको, आणि 'अतिदुर्मिळ' हा शब्द तर आधी काढून टाक.

आता खरे लबाडही भेटतील. आपलं नाणं ठेवून दुसरंच परत पाठवणारे असतात. त्यासाठी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन कर, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढ, पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ ठेव. जुन्या नाण्यांच्या विक्रीवर रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन मागणारा फोन आला तर ठेवून दे. बँकेनं २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नाही. परदेशातून कुणी कितीही देऊ केलं तरी हा रुपया पाठवायचा नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते बाहेर नेता येत नाही. तेही जाहिरातीत आधीच लिही, म्हणजे घासाघीस सुरूच होणार नाही.

आणि आजोबांच्या डब्यातली तांब्याची नाणी चिंच लावून चकचकीत करायची तुझी कल्पना आईकडून कळली. एकालाही हात लावू नकोस, घासणं हे नाण्याचं उणंच! जी घासून झाली असतील ती वेगळी ठेव आणि त्यांच्यापुढे 'घासलेलं' असं लिही. रविवारी सगळा डबा घेऊन दांडिया बाजारात ये. भिंग आणि काटा माझ्याकडे आहे. जाहिराती तू लिही, मी शेजारी बसतो.

तुझा,
काका