हात कपाटात का पडून राहिला?

प्रश्न : अपघातानंतर माझ्या मिस्टरांचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला. आठ महिन्यांनी कृत्रिम हात मिळाला. मायोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा. पंधरा दिवस घातला, आता कपाटात पडून आहे. घरचे म्हणतात, यांची जिद्दच संपली. मी रोज आठवण करते, त्यावरून वाद होतात. काय करू?

उत्तर : ताई, जिद्दीचं नाव काढू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी हे वरचेवर बघते. २५ वर्षांतल्या अभ्यासांचा २००७ मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही मोठ्या माणसांपैकी साधारण चौघांतल्या एकाने कृत्रिम हात टाकून दिलेला आढळला.

आधी कातडी बघा. अर्धा तास हात घालू द्या, मग काढून बघा. पंधरा-वीस मिनिटांनीही लाल चट्टा तसाच असेल, तर सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो ती खोबण, चुकतंय. उरलेला हात पहिल्या वर्षात बारीक होत जातो, त्यामुळे माप घेतलं तेव्हाचं सॉकेट आज सैल असू शकतं. सैल सॉकेट घासतं, आत घाम साचतो. शिवाय वजन हाडाला नाही, कातडीला लोंबतं, म्हणून हात आहे त्याहून जड लागतो. असं असेल तर सॉकेट बदलून घ्या. नसलेल्या पंजात कळा येतात का, तेही विचारा. पुष्कळजण आपणहून बोलत नाहीत.

दुसरं, त्या आठ महिन्यांत ते डाव्या हाताने बटणं लावायला, सही करायला शिकले. नव्या हाताने तेच करायला दुप्पट वेळ लागतो, मग कोण घालेल? म्हणून जखम भरली की लगेच हात बसवावा असं मी प्रत्येकाला सांगते. तरी कोपर शाबूत आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

माझ्याकडच्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांनी मायोइलेक्ट्रिक हात सोडून केबलवरचा हुक, म्हणजे खांदा हलवून केबल ओढली की चालणारा, मागून घेतला. हुकात धरलेला खिळा नीट दिसतो, आणि पकड किती घट्ट आहे ते केबलच्या ताणावरून खांद्याला कळतं. आधीच्या हाताने काही धरलं की सारखी नजर तिथेच ठेवावी लागे.

तेव्हा मिस्टरांना एवढंच विचारा, एका हाताने कुठलं काम सर्वांत जास्त अडतं? थेरपिस्टकडे तेवढ्याच कामाचा सराव करू द्या. रोजची आठवण बंद करा. एवढं करूनही नको म्हणाले, तर ऐका त्यांचं. मग डाव्या खांद्याची आणि मनगटाची काळजी मात्र आतापासूनच घ्यायची, सगळा भार आता त्यांच्यावर आहे.