'ऊन'मध्ये ह नाही, मग 'उन्हात' कुठून आला?

प्रश्न असा आलाय की ऊन लिहिताना ह नसतो मग उन्हात, उन्हाळा यात तो कशाला, 'उनाळा' लिहिलं तर काय बिघडलं?

बिघडलं! परवा तर एका बोर्डावर 'ऊन्हाळी वर्ग' बघितलं, डोकंच फिरलं. मूल-मुलाला, फूल-फुलाला, तसं ऊन-उन्हाला, उ ऱ्हस्व होतो, विषय संपला.

आणि ह कुणी घातलेला नाहीये, तो मुळातलाच आहे. संस्कृत उष्ण, प्राकृतात उण्ह, उष्णकालचा उन्हाळा. नुसतं ऊन म्हणताना शेवटचा ह गळतो, पुढे स्वर आला की परत ऐकू येतो. 'उच्चार सोपा व्हावा म्हणून ह येतो' असं एका व्याकरणवाल्यांनी लिहिलेलं वाचलं. अहो मग कानातचं 'कान्हात' का नाही होत? काहीजण गुजराती 'उनाळो' पुढे करतात, तिकडे ह गेला म्हणून आपणही घालवायचा का?

आता खरी गंमत. मे महिन्यात गावी भर दुपारी पडवीत बसलेलो, वारा ठप्प, जास्वंदीखाली साळुंकी चोच उघडी टाकून धापा टाकतेय, कुत्रं रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलंय, आणि एकदम लक्षात आलं की तृष्णाची पण तण्हा होते आणि मराठीत तो ह उडी मारून पुढे येतो, तहान! कृष्णाचा कान्हा तसाच. स्नानाचं न्हाणंसुद्धा याच वाटेचं. म्हणजे समोरचं ऊन, त्या साळुंकीची तहान आणि संध्याकाळी विहिरीवरचं न्हाणं, तिन्ही शब्दांत तोच ह.

माझं तर ठाम मत आहे की ऊन हा शब्द डोळ्यांचा नाहीच, कातडीचा आहे. चांदण्याला नाव चंद्रावरून मिळालं, उन्हाला सूर्यावरून नाही, चटक्यावरून. म्हणून माणसाला ऊन लागतं, चांदणं लागलं असं कोण म्हणतं? ऊन ऊन भात म्हणतो त्यात सूर्य कुठंय? कोकणात दापोली तालुक्यात उन्हवरे आहे, राजापूरजवळ उन्हाळे आहे, दोन्हीकडे गरम पाण्याचे झरे. त्या उन्हाळ्यात भर श्रावणात, आभाळ गच्च भरलेलं असताना जा आणि पाण्यात हात घाला, ऊनच लागेल.