लघुप्रबंधात ‘तात्त्विक भूमिका’ म्हणून नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. अर्थशास्त्राचा लघुप्रबंध, विषय ‘वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) कांद्याचा भाव उतरला तरी ठाण्यात तो लगेच का उतरत नाही’. मार्गदर्शक म्हणतात तात्त्विक भूमिका लिहा, म्हणजे ज्ञान कशाला मानायचं आणि ते कसं तपासायचं हे सांगा. मग प्रत्यक्षार्थवाद (मोजता येईल तेच ज्ञान) लिहू की अन्वयार्थवाद (माणसं आपल्या कृतीला देतात तो अर्थ समजून घेणं)?

वादाचं नाव शेवटी ठरवा. आधी एका वाक्यात लिहा: काय दिसलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन? (आणि ती सगळीकडे चिकटवली जाणारी ‘संशोधनाच्या कांद्या’ची, म्हणजे संशोधनाचे निर्णय कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दाखवणारी, आकृती टाळा. ती व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातली आहे. तुमच्याकडे एक कांदा पुरेसा आहे.)

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा १९५३चा निबंध सांगतो की गृहीतं खरी वाटतात का हे पाहू नका, भाकीत जुळतं का ते पाहा. ही वाट स्वस्त आहे. घाऊक आणि किरकोळ भावांच्या दोन मालिका घ्या, भाववाढीचे आणि घसरणीचे दिवस वेगळे करा, किती दिवसांनी किरकोळ भाव हलतो ते मोजा. पण तुमचा प्रश्न ‘का’ आहे. विक्रेत्यांनी संगनमतानं भाव धरून ठेवला किंवा परवा चढ्या भावानं उचललेला माल अजून संपलेला नाही, दोन्हींत आलेख सारखाच दिसेल.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची खंडनक्षमता (दावा चुकीचा ठरू शकेल असा मांडणं) इथे उपयोगी पडते, पण अडचण डुएम आणि क्वाईन या विचारवंतांनी दाखवलेली: गृहीतकृत्य (तपासायचा अंदाज) कधीच एकटं तपासलं जात नाही, सोबत मोजमापाची गृहीतंही तपासली जातात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात भावाची पाटी वाचायला उभे राहा म्हणजे कळेल. भाव बहुधा ५ रुपयांच्या टप्प्यानं हलतो, म्हणून घाऊकमधली २ रुपयांची घसरण पाटीवर येतच नाही. किंवा पाटी किलोला ३५ तशीच राहते आणि तोंडी ‘शंभरला तीन किलो’ सुरू होतं. भाव उतरला, तुमच्या वहीत मात्र नाही. संध्याकाळी उरलेला माल आणखी खाली जातो. शिवाय घट: समजा क्विंटल २००० रुपयांना उचलला आणि १० टक्के माल सडला-सुकला, तर विकण्याजोगा किलो २० ला नाही, २२.२२ ला पडतो. हमाली, टेम्पो वेगळे. हे न धरता ‘नफेखोरी सिद्ध झाली’ लिहिलंत तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

म्हणून नोंद रोज एकाच वेळी, एकाच प्रतीच्या मालाची, त्याच १५-२० विक्रेत्यांकडे, निदान ९० दिवस घ्या. पाटीचा भाव आणि १०० रुपयांना प्रत्यक्ष किती किलो, असे दोन रकाने ठेवा.

मुलाखतीत ‘भाव का कमी करत नाही?’ विचारू नका, ‘परवडत नाही’ एवढंच ऐकाल. ‘काल किती गोण्या आणल्या, आज किती उरल्या, उधारीवर उचलल्या का?’ असं विचारा.

एवढं करणार असाल तर तुमची भूमिका टोनी लॉसन यांनी अर्थशास्त्रात मांडलेल्या चिकित्सक वास्तववादाच्या जवळ जाते: भावामागे कारणयंत्रणा खरोखर असते, पण दुसरी कारणं तिला झाकत असल्यामुळे ती आकड्यांत सरळ उमटेलच असं नाही. माझी पसंती हिलाच. ‘व्यवहारवाद’ (प्रश्नाला जे कामी येईल ते घ्या) हे नाव मात्र पळवाट म्हणून घेऊ नका. आकडे आणि मुलाखती अशा दोन्ही पद्धती वापरल्या एवढ्यानं तो सिद्ध होत नाही.

प्रकरणात दीड पान पुरे. त्यात हे वाक्य, आकडे गोळा करण्याआधीची तारीख घालून, हवंच: ‘घाऊक भाव किलोला ५ रुपयांहून जास्त उतरून जुना साठा संपल्यावरही ३ दिवसांत किरकोळ भाव हलला नाही, तर साठ्याचं स्पष्टीकरण मी सोडून देईन.’ ५ आणि ३ हे आकडे पहिल्या आठवड्याच्या चाचणी नोंदी पाहून बदला, पण त्यानंतर बदलू नका. आणि तो आठवडा ९० दिवसांत धरू नका.