कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं ते गुळगुळीत आवरण, कार्टिलेज) पुन्हा वाढवायला इतक्या जणांनी एकत्र यायची गरज काय?

कारण हे एकट्यादुकट्याचं कामच नाही. गुडघ्यातला कूर्चेचा तुकडा सर्जन काढणार, त्यातल्या पेशी जीवशास्त्रज्ञ वाढवणार, त्यांना धरून ठेवणारी सच्छिद्र जाळी पॉलिमरवाले बनवणार. पुण्यात गणेशखिंडीला पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, पाषाण रोडला रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा एनसीएल आणि तिथेच स्टार्टअपना जागा देणारं व्हेंचर सेंटर. म्हणजे अंतर रिक्षाचं. घोडं अडतं ते पुढे. साध्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रुग्णाला देता येत नाहीत, निर्जंतुक जीएमपी सुविधा, म्हणजे औषधनिर्मितीचे दर्जानियम पाळणारी जागा लागते. तो खर्च कंपनीशिवाय कोण उचलणार? वर रुग्णांवरच्या चाचणीला सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाची परवानगी. आणि हो, मान्यता नसलेल्या स्टेम सेल (मूळपेशी) उपचाराचे कुणी पैसे मागितले तर सावध राहा: २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार असा उपचार म्हणजे चाचणीच ठरते, आणि तिचा खर्च रुग्णाच्या माथी मारता येत नाही.