आत घालण्याआधी बाहेर काढून बघ

सोलापूर, रविवार रात्र

चि. पोरी,

दुपारी चहा तसाच ठेवून गेलीस. काकू म्हणाली, "रडवलंत ना तिला?" मी रडवलं नाही. खासगीपणासाठी विंडोज सोडून तीन महिन्यांत उबुंटू, मिंट, फेडोरा आणि आर्च असे लिनक्सचे चार संसार मांडून मोडलेस, त्यात तुझ्या फायली कुठे गेल्या, एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "त्या गेल्या काका, पण तो प्रश्न नाहीये." आणि मग कॉलेजातल्या नोकरीभरतीची ती ऑनलाइन परीक्षा काढलीस. ती फक्त विंडोजवर चालते, कॅमेऱ्यातून पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर टाकायला लावतात, घरचा सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. मग हे खासगीपणाचं सोंग आणायचं कशाला, असं तुझं म्हणणं.

फायली गेल्या, हाच प्रश्न आहे. बाकीचा नाही.

परीक्षेचं आधी उरकतो. एक छोटी एसएसडी, म्हणजे लॅपटॉपच्या आत बसणारी डिस्क, घे, विंडोज तिच्यावर टाक, परीक्षेच्या दिवशी लॅपटॉपचं तळाचं झाकण खोलून ती बसव आणि संध्याकाळी काढून कपाटात ठेव. तुझ्या त्या मामाच्या लॅपटॉपला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज ११ रीतसर बसणार नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून त्या डिस्कवरून बँक, मेल काही उघडायचं नाही. बाटशील वगैरे मनात आणू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, ते मलाही पाठ आहे. पण तो निकाल हातात घेऊन तू परीक्षेच्या दारात भांडत बसू नकोस. तुझ्या वयाचा मी बसलो असतो, आणि नोकरी दुसऱ्याला मिळाली असती.

आता माझं ऐक.

माझे वडील साखर पेठेत जेकार्डचे पुठ्ठे ठोकायचे. आलेखाच्या कागदावर चादरीची नक्षी रंगवायची, चौकोन मोजायचे आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्यासाठी एकेक पुठ्ठा भोकं पाडून तयार करायचा. भोक असेल तिथे ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे बसून राहतो. एवढाच खेळ. फ्रान्सच्या जेकार्डने तो १८०४ च्या सुमाराला जमवला आणि आमच्या गल्लीत तो दिवसरात्र खडखडत असायचा. वडिलांची बोटं पाहून मी ठरवलं, हे आपण करायचं नाही. १९९८ साली कर्ज काढून नक्षीचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं एक डोंगल असायचं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. अकरा वर्षांत सहाशेच्या वर नक्ष्या केल्या. कारखानदार घरी येऊन बसायचे, वडील कोपऱ्यात गप्प.

२००९ मध्ये डोंगल मेलं. ज्याने विकलं त्याचं दुकान तोवर उठलं होतं.

त्या सहाशे नक्ष्या आजही माझ्याकडे सीडीवर आहेत. सीडी चालते, फायलींची नावं दिसतात, तारखा दिसतात, उघडत मात्र एकही नाही. आणि गेल्या वर्षी अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराला जुना मोर हवा होता, तर माळ्यावरून वडिलांचे पुठ्ठे काढले. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या. दोन-तीन नवे ठोकले, दोरीत ओवले, मागावर चढवले. मोर आला. वडील २००६ सालीच गेले, हे ऐकवायला ते नव्हते. बरं झालं, की वाईट झालं, मला अजून ठरवता येत नाही.

म्हणून सांगतो, आत घालण्याआधी बाहेर काढून बघ. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा अवतार, कुठला, डेस्कटॉप कुठला, हे नंतर. नवीन ॲप घेतलंस की पहिल्या दिवशी दहा नोंदी भर, आणि त्या दहाच्या दहा दुसरीकडे नेता येतात का ते करून बघ. वाचून नाही, करून. फोटो गूगलवर आहेत? गूगलच्याच टेकआउट सोयीने मागव, उतरव, उघड. पासवर्ड कीपासएक्ससी ॲपात ठेवलेस? ती फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन उघड. टाइमशिफ्टवर विसंबून राहिलीस ना? ते ॲप सिस्टिम मागे नेतं, तुझ्या फायलींचा होम फोल्डर मुद्दाम सांगितल्याशिवाय धरतच नाही. हे तुला ठाऊक नव्हतं, आणि चार वेळा पुसलंस! राग येतो तो यासाठी, आर्च टाकलंस म्हणून नाही.

एक गंमत करून बघ. लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये मराठीत चार ओळी लिही, ओडीटी फाइल म्हणून ठेव, मग नावातला ओडीटी काढून झिप कर आणि उघड. आत कंटेंट डॉट एक्सएमएल सापडेल, त्यात तुझ्या चार ओळी साध्या डोळ्यांनी वाचता येतील. लिब्रेऑफिस उद्या नाहीसं झालं तरी. आता मी जुन्या फॉन्टात जुळवलेल्या लग्नपत्रिकांची एखादी फाइल घे. फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारा युनिकोड १९९१ पासून होता, लिनक्सचाही जन्म त्याच सालचा. मी दोन्हींकडे यायला पंधरा-सोळा वर्षं लावली. आळस होता. कामाचा रेटा होता असं लोकांना सांगतो.

यापुढे डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करणार आहेस ते चांगलं, पण तिथेही तेच. त्या कुलपाचा, लिनक्सच्या लक्सचा, पासफ्रेज विसरलीस तर चोराला उघडणार नाही आणि तुलाही नाही. कागदावर लिहून आईच्या डब्यात ठेव. हसू नकोस.

व्हॉट्सॲपचं काय, असं तू विचारलंस तेव्हा काकूने माझ्याकडे पाहिलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. सहा वर्षं मी ते घेतलं नव्हतं. सिग्नल ॲपवर या, नाहीतर फोन करा, असं सगळ्यांना बजावलं होतं. सिग्नलवर आले दोघे. मग चुलतभाऊ गेला. निरोप भावकीच्या ग्रुपवर फिरला, ज्याला त्याला वाटलं मला कळलंच असेल. मी पोचलो ते राख सावडायला. आता माझं म्हणणं असं की सहा वर्षांत एकाला तरी फोन उचलून सांगावंसं वाटायला हवं होतं. काकू म्हणते, एवढी वाट लोकांनी का वाकडी करावी? माझं म्हणणं चुकीचं नाही. तरीही दुसऱ्याच आठवड्यात जुन्या फोनवर व्हॉट्सॲप घेतलं. तू काढू नकोस. आईच्या ज्या गप्पा जपाव्याशा वाटतात त्या अधूनमधून एक्स्पोर्ट करून ठेव. काढून बघ, पोरी. पुन्हा पुन्हा हेच म्हणतो, कंटाळलीस तरी म्हणेन.

पुढच्या रविवारी ये, ऊन चढायच्या आत, दहापर्यंत. लॅपटॉपमधली जुनी हार्डडिस्क आजपासून बंद, तिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. फिरत्या तबकडीची आहे, वरचं पुसलं तरी खाली काही उरलेलं असू शकतं. पुसलेल्या फायली शोधणारं फोटोरेक चालवून बघू. तासन्‌तास लागतील, जेवायलाच थांब. दुसरी रिकामी डिस्क माझ्याकडे आहे.

काका